काम झाल्यावर इन्सुलिन कुठे जातं, ॲसिटिलकोलीन कुठे जातं?

प्रश्न असा आहे: पेप्टाइड हॉर्मोन (अमिनो आम्लांच्या साखळीचे) आणि न्यूरोट्रान्समीटर (चेतापेशींचा निरोप नेणारे रेणू) यांचं काम आटोपलं की शरीर त्यांची विल्हेवाट कशी लावतं? सगळी यकृतात जाऊन मोडतात का? आणि किडनी खराब झालेल्या मधुमेही माणसाचं इन्सुलिन कमी का करावं लागतं?

सगळी यकृतात जात नाहीत. पाठ्यपुस्तकं एन्झाइमांची यादी देतात आणि परीक्षा झाली की ती यादी विसरली जाते. त्यापेक्षा कुठला रेणू कोणत्या जागी थांबवला जातो ते लक्षात ठेवावं. मग डोस, रिपोर्ट आणि दुष्परिणाम यांचा उलगडा बराचसा आपोआप होतो. पेप्टाइडं तुकडे होऊनच संपतात. काही रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर बसलेल्या एन्झाइमांकडून कापली जातात, काही रिसेप्टरला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला) चिकटलेल्या अवस्थेत पेशीच्या आत ओढली जातात, तर काही किडनीत गाळली जाऊन नलिकेच्या पेशींत मोडतात. लहान न्यूरोट्रान्समीटरांचं बहुतांशी उलट असतं. ते आधी उचलून पेशीत परत घेतले जातात आणि मोडतोड झालीच तर नंतर आत होते. ॲसिटिलकोलीन याला ठळक अपवाद आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

इन्सुलिनपासून सुरुवात करू, कारण त्यात तिन्ही वाटा दिसतात. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन थेट सर्व शरीरात जात नाही. ते आधी पोर्टल व्हेनमधून यकृतात पोचतं आणि साधारण निम्मं तिथे पहिल्याच फेरीत संपतं. यकृताच्या पेशीवरच्या रिसेप्टरला इन्सुलिन चिकटलं की पडद्याचा तेवढा भाग आत वळून पिशवी तयार होते. पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होत जातं, सामू सहाच्या आसपास उतरतो आणि इन्सुलिनची रिसेप्टरवरची पकड सुटते. सुटलेलं इन्सुलिन कापलं जातं, रिकामा रिसेप्टर बराचसा परत पृष्ठभागावर जातो. कापणाऱ्यांत मुख्य नाव इन्सुलिन-डिग्रेडिंग एन्झाइमचं. त्याला कामासाठी जस्त लागतं, आणि ते यकृतातच नव्हे तर तांबड्या रक्तपेशींतही असतं. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, रक्त तपासायला देताना तिचा संबंध येतो. एकूण हिशेबाने रक्तातल्या इन्सुलिनचं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) चार ते सहा मिनिटांचं असतं.

इन्सुलिनसोबत तितक्याच संख्येने सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना कापून सुटा होणारा तुकडा) बाहेर पडतं. यकृत त्याला जवळजवळ हात लावत नाही. ते किडनीतून जातं आणि त्याचं अर्धायुष्य तीसेक मिनिटांचं. म्हणून स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे जोखायला सी-पेप्टाइड बरं, विशेषतः रुग्ण बाहेरून इन्सुलिन घेत असेल तेव्हा. पण क्रिएटिनिन (किडनी कमी काम करते तेव्हा रक्तात चढणारा पदार्थ) वाढलेल्या रुग्णाचं सी-पेप्टाइड चांगलं दिसलं म्हणून खूश होऊ नये. ते बाहेर पडत नसल्यामुळे साचलेलं असू शकतं.

आता किडनीचा मुद्दा. टोचलेलं इन्सुलिन त्वचेखालून सरळ सर्वसाधारण रक्तात येतं, यकृताची ती पहिली फेरी चुकते. त्यामुळे त्याच्या विल्हेवाटीत किडनीचा वाटा नैसर्गिक इन्सुलिनपेक्षा मोठा असतो. सुमारे ५८०० डाल्टनचा हा रेणू गाळणीतून आरामात पडतो, नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी त्याला मेगालिन नावाच्या रिसेप्टरने आत ओढतात आणि लायसोसोममध्ये (पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत) त्याची अमिनो आम्लं होतात. लघवीत अगदी थोडं उतरतं. किडनीचं काम घटलं की तोच डोस जास्त वेळ रक्तात राहतो. रुळलेला ठोकताळा असा, की जीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ५० च्या खाली गेला तर इन्सुलिन एकूण २५ टक्क्यांनी आणि १० च्या खाली गेला तर निम्म्याने कमी करून बघावं, मग शुगर पाहून जुळवावं. शिवाय उपाशीपोटी ग्लुकोज बनवण्यात किडनीचाही हात असतो, तोही ढिला पडलेला असतो, आणि युरिया वाढल्याने जेवण कमी झालेलं असतं. वर्षानुवर्षं तीनशेच्या घरात असलेली शुगर काही न बदलता १२० वर आली की घरच्यांना आनंद होतो. अशा वेळी आधी क्रिएटिनिन बघावं. पहाटे घाम फुटून शुगर ४० वर आलेली सापडते ती बहुधा याच रुग्णांत.

बाकीच्या पेप्टाइडांची गोष्ट टोकांची आहे. अमिनोपेप्टिडेज एका टोकापासून कुरतडतात, कार्बोक्सिपेप्टिडेज दुसऱ्या टोकापासून. म्हणून शरीरच बऱ्याच पेप्टाइडांची टोकं बंद करून पाठवतं. टीआरएच आणि जीएनआरएच या मेंदूतून सुटणाऱ्या हॉर्मोनच्या सुरुवातीला पायरोग्लुटामेट असतं, ऑक्सिटोसिन (कळा आणणारं) आणि व्हासोप्रेसिन (शरीरातलं पाणी राखणारं) यांच्या शेवटाला अमाइड असतं. तरी मध्येच कापणारी एन्झाइमं आहेतच, त्यामुळे ही सोय काही मिनिटांपुरतीच पुरते.

जीएलपी-१ चं उदाहरण सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या, इन्सुलिन वाढवणाऱ्या आणि भूक कमी करणाऱ्या या हॉर्मोनच्या सुरुवातीची दोनच अमिनो आम्लं, हिस्टिडीन आणि ॲलॅनिन, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम तोडतं आणि तेवढ्याने ते निकामी होतं. अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटं, कारण डीपीपी-४ आतड्याच्या केशवाहिन्यांच्या अस्तरावरच बसलेलं असतं आणि बरंचसं जीएलपी-१ तिथून बाहेर पडायच्या आत कापलं जातं. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखंच एक्झेंडिन-४ सापडलं. त्यात दुसऱ्या जागी ॲलॅनिनऐवजी ग्लायसीन आहे, म्हणून डीपीपी-४ ला पकड मिळत नाही. त्यावर आधारित एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आलं. सेमाग्लुटाइड या औषधात दुसऱ्या जागचं अमिनो आम्ल बदललंय आणि वर एक लांब स्निग्धाम्लाची साखळी जोडलीय. ती साखळी रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, त्यामुळे किडनी ते गाळू शकत नाही. अर्धायुष्य आठवड्याच्या आसपास जातं, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, आपल्याकडे फार लिहिलं जाणारं टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या दुसऱ्या बाजूने येतात. त्या डीपीपी-४ ची कात्रीच अडवतात. पण अडवून वाढणार ते शरीराचं स्वतःचं जीएलपी-१, तेही दुपटी-तिपटीपर्यंत, म्हणून वजनावर त्यांचा परिणाम दिसत नाही. जीएलपी-१ चं इंजेक्शन चालू असताना ग्लिप्टिनची गोळी चालू ठेवणं हा पैशांचा अपव्यय आहे, कारण जे इंजेक्शन मुळातच त्या कात्रीला दाद देत नाही त्याला कात्री अडवून काय मिळणार? तरीही अशी प्रिस्क्रिप्शनं नेहमी दिसतात.

गरोदरपणात वारेत एक अमिनोपेप्टिडेज भरपूर तयार होतं. ते ऑक्सिटोसिन कापतं, आणि रचना जवळजवळ सारखीच असल्यामुळे व्हासोप्रेसिनही कापतं. एरवी गर्भवतीचं शरीर जास्त व्हासोप्रेसिन सोडून भरपाई करतं. क्वचित ती पुरत नाही, आणि शेवटच्या तिमाहीत बाईला दिवसाला कित्येक लिटर पातळ लघवी आणि न भागणारी तहान लागते. तिथे व्हासोप्रेसिन देऊन उपयोग नाही, तेही कापलं जाईल. डेस्मोप्रेसिन चालतं, कारण त्याच्या सुरुवातीचा अमिनो गटच काढलेला असतो. हे एन्झाइम पुढे यकृतात संपतं, यकृत आजारी असेल तर ते साचतं. म्हणून अशी लक्षणं दिसली की एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट बघायलाच हवेत. हेल्प सिंड्रोम (तांबड्या पेशी फुटणं, यकृताची एन्झाइमं चढणं आणि प्लेटलेट घटणं) किंवा गरोदरपणातलं तीव्र फॅटी लिव्हर मागे असू शकतं. वार पडल्यावर काही आठवड्यांत सगळं निवळतं.

रक्तवाहिन्या रुंदावणारं ब्रॅडिकायनिन याहूनही अल्पायुषी, अर्ध्या मिनिटाहून कमी. फुप्फुसातून एकदा फिरलं की बहुतेक संपलं. त्याला मारणारं मुख्य एन्झाइम एसीई, तेच जे प्रेशर वाढवणारं अँजिओटेन्सिन-२ बनवतं. ब्लड प्रेशरसाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल दिलं की दोन्ही कामं थांबतात. प्रेशर उतरतं आणि ब्रॅडिकायनिन साचून काहींना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. तो खोकल्याच्या औषधाने जात नाही आणि डोस कमी करूनही सहसा जात नाही. गोळी बंद करून टेल्मिसार्टनसारख्या औषधावर यावं. खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून निदान चुकलं असं समजू नये.

ब्रॅडिकायनिनला नेप्रिलायसिन नावाचं आणखी एक एन्झाइम कापतं. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन हे हृदयाच्या विकारातलं औषध नेप्रिलायसिनच अडवतं. म्हणून एसीई अडवणारी गोळी आणि हे औषध एकत्र कधीच नाही. बदलताना मध्ये ३६ तासांचं अंतर. दोन्ही वाटा बंद झाल्या तर ब्रॅडिकायनिन साचून ओठ, जीभ, घसा सुजतो आणि श्वास अडू शकतो. दोन्ही एन्झाइमं एकदम अडवणारं ओमापाट्रिलॅट याच कारणाने बाजारात येऊ शकलं नाही. हृदयावर ताण आला की त्यातून सुटणारं बीएनपीसुद्धा नेप्रिलायसिन कापतं. मग सॅक्युबिट्रिल चालू असताना बीएनपी वाढलेलं दिसलं तर हृदय बिघडलं की औषध काम करतंय? सांगता येत नाही. अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी बनताना सुटणारा दुसरा तुकडा) मागवावं, त्याला नेप्रिलायसिन कापत नाही. अर्थात किडनी खराब असेल तर तेही चढतं.

पॅराथॉर्मोनच्या (मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या हॉर्मोनच्या) अल्पायुष्याचा सर्जन थेट उपयोग करतात. त्याचं अर्धायुष्य तीन-चार मिनिटांचं. त्या ग्रंथीची गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त घेतलं आणि पातळी निम्म्याहून खाली आली तर दोषी ग्रंथी निघाली असं धरून टाके घालतात. नाही उतरली तर दुसरी ग्रंथी शोधायची, रुग्ण टेबलावर असतानाच. दुसऱ्या टोकाला एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हॉर्मोन. त्याच्यावर साखरेच्या साखळ्या आणि त्यांच्या टोकांना सायलिक आम्ल असल्याने यकृताचे रिसेप्टर त्याला ओळखत नाहीत आणि अर्धायुष्य दीड दिवसापर्यंत जातं. बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलेल्या बाईने आठव्या दिवशी घरच्या किटवर चाचणी केली तर दिसणारी फिकट दुसरी रेघ इंजेक्शनचीच असू शकते. चौदा दिवस थांबावं.

आता न्यूरोट्रान्समीटर. स्नायू आणि चेतातंतू यांच्यामधल्या फटीत ॲसिटिलकोलीन सुटतं तेव्हा त्याला मोडणारं ॲसिटिलकोलिनेस्टरेज त्या फटीतच, मधल्या पापुद्र्याला बांधलेलं असतं. एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन फोडतो. उरतं ॲसिटेट आणि कोलीन. कोलीन चेतातंतू परत उचलतो. एन्झाइमच्या खोबणीत एक सेरीन असतं, त्यावर ॲसिटाइल गट क्षणभर बसतो आणि पाण्याने सुटतो. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक त्याच सेरीनवर फॉस्फेट बसवतं आणि ते सुटत नाही.

महाराष्ट्रात हा विषय पुस्तकापुरता नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, तेव्हा मोनोक्रोटोफॉस हे नाव शहरांतही पोचलं. ॲसिटिलकोलीन साचलं की काय होतं ते डोळ्यांना दिसतं: टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडातून लाळ, घाम, जुलाब, छातीत घरघर, नाडी मंद, स्नायूंची फडफड. ॲट्रोपिन एन्झाइम दुरुस्त करत नाही, ते साचलेल्या ॲसिटिलकोलीनला काही रिसेप्टरांपुरतं अडवतं. प्रौढाला सुरुवातीला १.८ ते ३ मिलिग्रॅम शिरेतून. आपल्याकडची अँपूल ०.६ मिलिग्रॅमची, म्हणजे तीन ते पाच अँपूल एकदम, आणि पाच मिनिटांनी फरक नसेल तर डोस दुप्पट. छाती मोकळी झाली, नाडी ८० च्या वर, वरचं प्रेशर ८० च्या वर, काख कोरडी, इथपर्यंत जायचं. मग तोवर लागलेल्या एकूण ॲट्रोपिनच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. नेहमीची चूक म्हणजे नाडी वाढलेली पाहून ॲट्रोपिन थांबवणं, छाती घरघरत असतानाही. उलटी चूक म्हणजे बाहुल्या मोठ्या होईपर्यंत देत राहणं; मग पोट फुगतं, ताप चढतो, रुग्ण बडबडतो.

श्वासाच्या स्नायूंवर मात्र ॲट्रोपिन चालत नाही, ते रिसेप्टर वेगळे. पहिल्या दिवशी सुधारलेला रुग्ण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी श्वास सोडतो तो यामुळेच. उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर व्हेंटिलेटर जवळ असलेल्या ठिकाणी हलवायची वेळ झाली.

प्रालिडॉक्झिम, म्हणजे पॅम, सेरीनवरचं फॉस्फेट ओढून काढतं, पण वेळेत दिलं तर. फॉस्फेटचा एक हात गळून पडला की बंध कायमचा होतो. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल गटात निम्मं एन्झाइम असं कायमचं जायला चारेक तास लागतात, क्लोरपायरिफॉससारख्या डायएथिल गटात तीसेक तास. म्हणून बाटली बरोबर आणायला सांगतात. पॅमचा फायदा किती, यावर वाद आहे. बारामतीत झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठा डोस सतत ड्रिपने दिल्याने मृत्यू कमी झाले. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. रुग्ण किती लवकर पोचला आणि औषध कोणत्या गटातलं होतं, याने या दोन निकालांतला फरक बराचसा समजतो असं माझं मत. रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज (याच जातीचं दुसरं एन्झाइम) विषबाधा ओळखायला ठीक, पण ते यकृतात बनतं, यकृताच्या आजारात आणि गरोदरपणात तसंही कमी असतं. त्याच्या आकड्यावर ॲट्रोपिनचा डोस ठरवू नये.

डोपामाइन, नॉरॲड्रेनालिन आणि सेरोटोनिन यांचा निरोप मुख्यतः परत उचलण्याने थांबतो. प्रत्येकाचा उचलणारा वाहक वेगळा. उदासीनतेवरच्या नेहमीच्या गोळ्या हाच वाहक अडवतात. आत घेतलेला माल काही पुन्हा पिशव्यांत भरला जातो, उरलेला मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरचं एमएओ नावाचं एन्झाइम मोडतं. पेशींच्या आत सीओएमटी नावाचं दुसरं एन्झाइम त्यावर मिथाइल गट चढवतं. फिओक्रोमोसायटोमा या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीत ॲड्रेनालिन अधूनमधून सुटतं, पण गाठीतलं सीओएमटी त्याचं मेटानेफ्रिन दिवसरात्र बनवत असतं. म्हणून प्रेशर नॉर्मल असतानाही मेटानेफ्रिन वाढलेलं सापडतं आणि तपासणी तीच करावी, रक्त घेण्याआधी रुग्णाला वीस ते तीस मिनिटं आडवं ठेवून. सेरोटोनिनचा शेवट ५-एचआयएए मध्ये होतो. त्यासाठी २४ तासांची लघवी गोळा करायची तर दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो आणि अक्रोड बंद.

लिनेझोलिड हे अँटिबायोटिक एमएओ थोडं अडवतं, हे टीबीच्या उपचारात विसरलं जातं. रुग्ण आधीपासून सेरोटोनिन वाढवणारी गोळी किंवा ट्रमाडॉल घेत असेल तर थरथर, ताप, पायांचे झटके, गोंधळलेपण दिसू शकतं. फ्लुओक्सेटिन ही उदासीनतेवरची गोळी बंद करून आठवडा झाला म्हणजे सुटलो असं नाही, त्याचा अंश पाच आठवडे राहतो. आणि एमएओला कायमचं बांधणारी औषधं रक्तातून लवकर गेली तरी परिणाम दोन आठवडे टिकतो, कारण नवं एन्झाइम बनावं लागतं.

मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटला फटीत कोणी मोडत नाही. शेजारची ॲस्ट्रोसाइट पेशी ते उचलते, अमोनिया जोडून ग्लुटामिन करते आणि परत देते. यकृत बंद पडून अमोनिया वाढला की याच पेशींत ग्लुटामिन साचून मेंदू सुजतो. मेंदूला शांत करणारा गाबाही असाच उचलला जातो, मग गाबा-ट्रान्सअमिनेज त्याला मोडतं.

आता शेवटचं, लॅबचं. कापाकापी सुई बाहेर काढल्यावर थांबत नाही, ट्यूबमध्येही चालू राहते. एसीटीएचचं (ॲड्रिनल ग्रंथीला चालवणाऱ्या पिट्युटरीच्या हॉर्मोनचं) रक्त, ते गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या प्लॅस्टिक ट्यूबमध्ये, बर्फात ठेवून, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लगेच वेगळं करून गोठवावं. काचेला ते चिकटतं. कलेक्शन सेंटरवर तासभर टेबलावर पडलेल्या नमुन्याचा आकडा कमी येतो आणि रुग्णाच्या पिट्युटरीवर नसता संशय जातो. इन्सुलिनच्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं तेच इन्सुलिन-डिग्रेडिंग एन्झाइम बाहेर येतं आणि पातळी खोटी कमी दिसते. शुगर कमी होण्याचं कारण शोधत असताना हा खोटा आकडा सगळा तपास भलतीकडे नेतो. सीरमला गुलाबी झाक दिसली तर रिपोर्ट न काढता नमुना पुन्हा मागवावा, आणि शुगर खाली असतानाच.